हेल्ड

दर्शना कोपरीतल्या एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवायची. दुपारच्या बॅचला शिकवत असतानाच तिला परदेशातून फोन आला. तिचा धाकटा भाऊ सिद्धेश मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि फोन जहाजाच्या कंपनीतून होता. पलीकडचा माणूस घाईत होता. आफ्रिकेतल्या एका बंदराचं नाव घेऊन तो म्हणाला, "युअर ब्रदर इज बीइंग हेल्ड, विथ द क्रू." का, ते त्याला ठाऊक नव्हतं. कळलं की कळवतो म्हणाला आणि फोन ठेवला.

मोहन्याला घरी पोचेपर्यंत ती त्या एका शब्दाशी झगडत राहिली. 'होल्ड' तिने मुलांना कितीदा शिकवला होता. हात धरणं, श्वास रोखणं, सभा भरवणं. कागदपत्रांसाठी जहाज रोखून ठेवलं तरी 'हेल्ड', आणि पोलिसांनी माणसं पकडली तरी 'हेल्ड'. तो माणूस एक शब्द बोलून मोकळा झाला होता. तिला मात्र मराठीत काहीतरी एकच सांगावं लागणार होतं.

वडिलांना, शिवरामना, गेल्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलेला. त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, सिद्धेशचं जहाज थांबवलंय, तपासणी चाललीय. कोणी थांबवलं, असं त्यांनी विचारलं. बंदरवाल्यांनी, असं तिने ठोकून दिलं. आई मंजुळा उलट खूश झाली. पोराला तेवढाच आराम, असं तिने शेजारच्या तुळसाकाकूंनाही सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी दर्शनाला मोबाइलवर तिकडची बातमी सापडली. जहाजात चोरटा माल मिळाला होता आणि सगळे खलाशी तुरुंगात होते. तिने ती कोणालाच दाखवली नाही. एखादा वकील मिळाला की मग घरी सांगू, असं तिने ठरवलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली, तर मंजुळाने सहज सांगितलं की दुपारी फसवणुकीचा फोन आलेला. नंबर लांबलचक होता. असले फोन कापायचे, हे दर्शनानेच तिला शिकवलं होतं.

"इंग्रजीत काहीतरी बोलत होता. दोनदा होल्ड, होल्ड म्हणाला. मी कापला."

दर्शना पर्स खांद्याला तशीच ठेवून खाली बसली.

"आई, फोन कापू नका, असं म्हणत होता तो. कोणाला तरी द्यायचा असणार."

"कोणाला?"

"सिद्धेशला. तुरुंगातून असेल."

मग तिला सगळंच सांगावं लागलं. नंबर परत लावून बघितला, पण कोणी उचलला नाही. मंजुळा रडली नाही. ती म्हणाली, "खरं सांगितलं असतंस, तर मी कुठलाच फोन कापला नसता."

त्यानंतर मंजुळाने मोबाइल खाली ठेवला नाही. न्हाणीत जातानाही बरोबर नेला. लोन विकणाऱ्या पोरींचं बोलणंही ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, कारण कुणास ठाऊक, मध्येच आवाज बदलला तर. पुढच्या आठवड्यात तसाच लांबलचक नंबर आला. पलीकडे इंग्रजी बोलणं सुरू झालं आणि मंजुळा दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून "होल्ड, होल्ड, येस" म्हणत राहिली.

मग सिद्धेशचा आवाज आला. दर्शना शेजारीच होती, तिलाही तो ऐकू येत होता.

"आई, त्या दिवशी फोन का कापलास? मला वाटलं, तुम्हाला बातमी कळली आणि तुम्ही मला टाकलंत."

मंजुळाने एकदा दर्शनाकडे बघितलं. "माझ्या हातून चुकून कापला गेला रे," ती म्हणाली आणि फोन शिवरामना दिला. त्यांनी तो जेवतो का, एवढंच विचारलं. तेवढ्यात फोनचा वेळ संपला.

सुटकेला बरेच महिने गेले. माल कॅप्टन आणि एका अधिकाऱ्याचा निघाला आणि बाकीच्यांना कोर्टाने सोडलं. सिद्धेश परत आला तेव्हा गालफडं बसली होती. आता तो कल्याणच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला जातो. जहाजाचा विषय कोणी काढत नाही.

दर्शनाला मात्र राहवलं नाही. एका रविवारी तिने त्याला सांगितलं की आईची चूक नव्हती, मी खोटं सांगितलेलं. सिद्धेशने ऐकून घेतलं.

"तो फोन कापला गेला, त्या रात्री मी स्वतःचं काय करणार होतो ते तुला माहीत नाही, ताई," तो म्हणाला.

तिने विचारलं, पण त्याने सांगितलं नाही. चप्पल घालून तो बाहेर गेला. जेवायच्या वेळी परत आला, तेव्हा मंजुळाने त्याला वाढलं आणि दर्शना त्याच्या शेजारी पान घेऊन बसली.