रसिकाचे गाऱ्हाणे

कलावंत हा साऱ्या जगाचा असतो. त्याच्यावर कुणा एका गावाने, एका वाडीने हक्क सांगणे हा कलेचा अपमान आहे. हे उद्गार आमच्या तोंडवलीच्या सरपंच सुशीलाताईंनी रसिकाच्या सत्काराला देवळापुढच्या मांडवात काढले. टाळ्या थांबायच्या आत खालच्या वाडीने हरकत घेतली. रसिकाचा जन्म खालच्या वाडीतला असताना तिच्या शेजारची खुर्ची वरच्या वाडीला का? शेवटी ती खुर्चीच उचलून नेण्यात आली. जगाला बसायला जागा राहिली नाही, पण वाडीची अब्रू राहिली.

रसिका ही रुक्मिणीवहिनींची एकुलती एक. वय एकोणीस. मुंबईतल्या एका कंपनीने 'कँडी कट्टा' नावाचा चार मुलींचा ग्रुप काढला आहे, त्यातली डावीकडून दुसरी, निळ्या केसांची ती आमची. त्यांच्या गाण्यात शब्द थोडे आणि उड्या फार. पण पोर मन लावून उडते. बांद्याला हायवेवर तिचा जाहिरातीतला फोटो लागला तेव्हा गावातली काही प्रतिष्ठित माणसे काही काम नसताना बांद्याला जाऊन आली. मी दोनदा गेलो.

दोन वर्षांनी ती पहिल्यांदाच घरी आली होती, सोबत कंपनीचा मॅनेजर प्रीतम. मुलगा चांगला. हातात दोन फोन, आणि समुद्र दिसला तरी 'कंटेंट' म्हणायचा. रसिकाने काय करायचे नाही ते त्याला पाठ होते. मच्छीची कढी नको, मिठाने चेहरा सुजतो. कॅमेऱ्यासमोर मालवणी नको. आणि हसू उतरू द्यायचे नाही, कारण पडलेल्या चेहऱ्याचा लगेच स्क्रीनशॉट निघतो.

सत्काराच्या दिवशी सकाळी वहिनींनी तिला भीतभीत सांगितले, की कप्तान शिमग्यात गेला. कप्तान म्हणजे तिचा कुत्रा. फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता.

रसिका हसली. सगळे दात दाखवून, मान किंचित डावीकडे.

"हसतंस कशाक गो?"

तिने स्वतःचे गाल चाचपले. "आई, ह्या उतरणाच नाय गो. आत रडाक येता आणि तोंड हसता."

वहिनींनी आधी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्या चुलीत तडतडल्या, हसू तसेच. मग त्या म्हणाल्या, "सोड मगे सगळा. सांग त्या प्रीतमाक, माका नको म्हणान."

"कसा सांगू? तिघीजणींचा काय होतला? आणि तू घराक बोर्ड लावलंस." हे खरे होते. वहिनींच्या होमस्टेचे नाव आता 'कँडी होमस्टे' होते. "तोंड उघडलंय काय 'हो'च येता, आई. तसाच शिकवल्यानी हा."

आणि संध्याकाळी तिला तेच म्हणायचे होते. देवळात गाऱ्हाणे झाले की तिथूनच, फोनवर थेट, आणखी तीन वर्षे ग्रुपमध्ये राहणार असे तिने चाहत्यांना जाहीर करायचे, असे कंपनीचे ठरले होते.

आमच्याकडे गाऱ्हाणे मागणारा स्वतः बोलत नाही. मनातले काय ते लवू गावकरांच्या कानात सांगायचे. ते खणखणीत आवाजात देवाला कळवतात आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. सगळ्यांनी व्हय म्हटले की ते मागणे एकट्याचे राहत नाही, गावाचे होते. प्रीतमला ही पद्धत फार आवडली. त्याने दुपारभर पडवीत 'व्हय महाराजा'चा सराव केला आणि काय मागायचे तेही लवूंना समजावून ठेवले.

"बा देवा महाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात इला हा..."

"व्हय महाराजा!"

"हिचे ते फॉलोअर काय ते, कोटीच्या घरात ने रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सर्वांत मोठा आवाज प्रीतमचा. फोन उंच धरलेला, अर्धा देश बघत होता म्हणे.

मग लवू खाली वाकले. "ह्या तेचा झाला. आता तुझा काय ता सांग, गो बाय."

रसिकाने कॅमेऱ्याकडे हसत हसतच त्यांच्या कानात सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होती. सुनेच्या बदलीपासून जावयाच्या दारूपर्यंत सगळे देवाला बिनदिक्कत कळवलेले लवू पहिल्यांदाच घुटमळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बा देवा महाराजा! हिका आणखी तीन वर्सां नको. हिका घराक ऱ्हवाक होया, पोटभर निजाक होया. हिचा तोंड हिका परत दी. आणि हिच्या कप्तानासाठी हिका एकदा रडान घेवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सवयीने सगळे आधी ओरडले आणि मग त्यांना ऐकू आले. याही वेळी प्रीतमचाच आवाज मोठा. नंतर त्याने शेजारच्याला विचारले, "काय मागितलं?" शेजारच्याने सांगितले.

"अहो, पण मी कंपनीला काय सांगू?"

"देवाक कळवला म्हणान सांग," लवू म्हणाले. "तू पण व्हय म्हटलंस मरे. अख्ख्या जगान आयकला."

"मला समजलं नव्हतं!"

"आणि ह्या चेडवाक तुमचा सगळा समाजला होता? तुमका 'हो' म्हटल्यान तेव्हा सतरा वर्सांचा होता."

प्रीतमने उंच धरलेला हात खाली घेतला. मघाशी मी त्याला चांगला मुलगा म्हटले ते मागे घेत नाही, कारण त्याने स्वतःच्या हाताने फोन बंद केला आणि खिशात घातला.

तोवर रसिकाचे हसू उतरत होते. आधी उजवा कोपरा, मग डावा. मग ती रडली; फोटोत रडतात तसे नव्हे, नाक गळेपर्यंत, निळे केस गालाला चिकटेपर्यंत. वहिनी तिला पोटाशी धरून बसल्या. दोन्ही वाड्या पुढे सरकल्या. सुशीलाताईंनी 'त्याग' या विषयावर दोन शब्द जुळवले होते, ते त्यांनी गिळले. आता पोर काहीतरी मोठे बोलणार, हे सगळ्यांनाच कळत होते.

रसिकाने आईच्या पदराला नाक पुसले आणि मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "दुपारच्या तिखल्यातलो बांगडो उरलो आसा? माका शेपटेकडचो दी."