गाढववाल्या ब्रायनीचं उत्पन्न

ब्रायनीच्या नवऱ्याला व्हिसा नाकारल्याचं कळलं तो मे महिन्यातला शुक्रवार होता. शुक्रवार हा रेथबींच्या गाढवांचा सुट्टीचा दिवस. इंग्लंडमधल्या मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावर आठवड्याचे सहा दिवस पोरं पाठीवर घेऊन चालायचं, सातव्या दिवशी कुरणात लोळायचं, हा त्यांचा तीन पिढ्यांचा नेम. क्लिफ रेथबी गोठ्याच्या दारात स्टुलावर बसून कस्टर्ड नावाच्या म्हाताऱ्या गाढवाचा खूर साफ करत होता. तेवढ्यात ब्रायनी कुरणातून चालत आली आणि तिने फोन बापापुढे धरला.

"चष्मा घरी राहिलाय," क्लिफ म्हणाला. "वाच की."

"नाही म्हणालेत."

"कशाला नाही?"

"अथमानला. उत्पन्न कमी पडतंय म्हणे माझं."

क्लिफने गाढवाचा पाय हळूच खाली ठेवला. "शेहेचाळीस हजार कमी पडतात? कोणाला, राजाला?"

शेहेचाळीस हजार पौंड हा गेल्या वर्षीचा गल्ला. किनाऱ्यावर कोणी कोणाला नफा विचारत नाही. आइस्क्रीमवाला, भाड्याने खुर्च्या देणारा, गाढववाले, सगळे संध्याकाळी एकच विचारतात, आज गल्ला किती? गल्ला चांगला तर माणूस चांगला. तेव्हा जानेवारीत अर्ज भरताना 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात ब्रायनीने गल्ला लिहिला. नवऱ्याला देशात आणायला सरकारला एकोणतीस हजार हवे होते, आपल्याकडे शेहेचाळीस आहेत, म्हणून ती निवांत होती. सोबत आईने भरलेलं कराचं विवरणपत्र जोडलं. त्यात नफा होता अठरा हजार.

आईने, म्हणजे विनीने, तो अर्ज पाहिला असता तर दाराबाहेर जाऊ दिला नसता. पण जानेवारीत विनी इस्पितळात होती, आणि फेब्रुवारीत ती गेली. मायलेकींचं त्या दिवसांत अर्जाबद्दल बोलणंच झालं नाही. दुसरं बोलायला खूप होतं.

अर्जाची फी जवळजवळ दोन हजार पौंड. ती परत मिळत नाही.

"आता?" क्लिफ म्हणाला.

"आता काय, पुन्हा अर्ज. पण दाखवू काय, गाढवं?"

अथमान फमाऊ हा केनियातल्या लामू बेटावरचा. त्या बेटावर मोटारी जवळजवळ नाहीतच, ओझं सगळं गाढवांच्या पाठीवर, आणि अथमान तिथल्या गाढवांच्या दवाखान्यात खुरांचं काम करायचा. ब्रायनी चार वर्षांपूर्वी महिनाभर मदतीला म्हणून तिथे गेली. मग दर हिवाळ्यात जायला लागली. तिसऱ्या हिवाळ्यात लग्न करूनच आली. विनी तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं. गाढवांवरून भांडण होणार नाही असा जावई या देशात मिळाला नसता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं शेजारच्या स्नेथकडे गेली. स्नेथ करखात्यातून निवृत्त झालेला, सत्तरीचा, बारीक आवाजाचा माणूस. वीस वर्षं कुंपणापलीकडून त्याने विनीचे हिशेब ऐकले होते, पण बघायची संधी आज मिळत होती. त्याने वह्या मांडीवर घेतल्या आणि चहा गार होईपर्यंत मान वर केली नाही.

"बाई हुशार होती हं," तो शेवटी म्हणाला. "गाजरं, पेंढा, नालबंद, कुरणाचं भाडं, नगरपालिकेचा परवाना, विमा. पट्ट्यांवर गाढवांची नावं रंगवायचा ब्रश, दोन पौंड दहा. काही म्हणजे काही सोडलं नाही."

"तिला कर भरायचा राग होता," क्लिफ म्हणाला. "तुमच्यावर नव्हता, मिस्टर स्नेथ."

"माहीत आहे. मला केक द्यायची." स्नेथने पान उलटलं. "खर्च जाऊन बत्तीस हजार राहतात. मग हे बघा. पगार, विनिफ्रेड रेथबी, हिशेबनीस, पाच हजार. पगार, क्लिफर्ड रेथबी, गाढवांचा मुकादम, नऊ हजार."

"मुकादम?" ब्रायनी म्हणाली. "डॅड, तू मुकादम होतास?"

"मला कोणी सांगितलंच नाही."

परवाना पाच वर्षांपूर्वी ब्रायनीच्या नावावर झाला, तेव्हा विनीने ही सोय केली होती. धंदा लेकीचा, आईबाप पगारी नोकर. तिघांत पैसे वाटले की कोणालाच फारसा कर नाही. सगळं कायद्यात बसणारं. पैसे शेवटी एकाच चहाच्या टेबलावर यायचे, मग नाव कोणाचं का असेना. करवाल्यांना हे चालत होतं. व्हिसावाल्यांना मात्र एकट्या ब्रायनीच्या ताटात काय पडतं तेवढंच बघायचं होतं, आणि विनीने ते ताट वर्षानुवर्षं रिकामं करत आणलं होतं.

"मग मागच्या वर्षीचं बदलून टाका," क्लिफ म्हणाला.

"दिलेला पगार दिला नाही असं कसं म्हणू? ते खोटं होईल. कराचं नवं वर्ष सहा एप्रिलला सुरू झालंय, अख्खा हंगाम पुढे आहे. या वर्षाचा नफा एकोणतीसच्या वर काढायचा आणि मग अर्ज करायचा." स्नेथने चष्मा काढून पुसला. "दोन पगार होते. एक तर... बंद झालाच आहे."

क्लिफने गार चहाचा कप बाजूला सरकवला.

"दुसरा मी," क्लिफ म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही," ब्रायनी म्हणाली.

"म्हणायला काय झालं? मालकीण आहेस. काढ मला."

"डॅड, गप्प बस. तू खाणार काय?"

क्लिफ त्रेसष्ट वर्षांचा होता. सरकारी पेन्शन सुरू व्हायला अजून चार वर्षं. आणि गाढवं सोडून त्याने आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं.

"कागदावर काढायचं आणि हातात पाकीट द्यायचं, असं चालणार नाही," स्नेथ म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो. काढायचं तर खरं काढायचं. आणि कर वाढेल. यंदा अडीच-तीन हजार जास्त भरावे लागतील."

"विनीला कळलं तर—" क्लिफ म्हणाला आणि थांबला.

घरी येताना ब्रायनी म्हणाली, "आपण वर्षभर थांबू. मी हिवाळ्यात दुसरी नोकरी धरते."

"हिवाळ्यात मेबलथॉर्पमध्ये नोकरी? सीगल्सना पाव घालायची?"

तिला हसू आलं, पण आलं तसंच गेलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि नवराबायको सगळी मिळून अकरा आठवडे एकत्र राहिली होती. क्लिफला ते आठवडे माहीत होते. घरात दोन माणसं असणं म्हणजे काय आणि एक असणं म्हणजे काय, हे त्याला फेब्रुवारीपासून कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोमवारी तो दाढी करून किनाऱ्यावरच्या वाहनतळाच्या कचेरीत गेला. तिथे माणूस हवा असल्याची पाटी महिनाभर लागलेली होती.

"अनुभव?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"चाळीस वर्षं. रांगेत उभं करायचं, कोणी लाथ मारली तर बाजूला व्हायचं."

बाई त्याला ओळखत होत्या. नोकरी मिळाली. आठवड्याचे पाच दिवस, पिवळं जाकीट, एक लाकडी खोपटं, खोपट्यात खुर्ची.

ब्रायनीला त्याने संध्याकाळी सांगितलं. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "राजीनामा लेखी दे. स्नेथला लागेल."

त्याने गाजरांच्या पावतीमागे लिहून दिला.

रात्रीच्या जेवणानंतर अथमानचा फोन आला. "बाबा, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"अरे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. तू कशाला तोंड पाडतोस?"

"गाढवं कोण बघणार?"

"गाढवं मीच बघणार. फुकट. बापाने लेकीला मदत करू नये असा कायदा अजून झालेला नाही. मी स्नेथला विचारून घेतलंय."

हंगाम सुरू झाला. क्लिफ सकाळी सहाला कुरणात, नऊला खोपट्यात. उतारावरून गाढवांची रांग त्याला खोपट्यातून दिसायची. सुट्टीच्या दिवशी तो रांगेत असायचा, कधीकधी घाईत पिवळं जाकीट तसंच अंगात. मग एखादा बाप्या पोराला घेऊन यायचा आणि विचारायचा, "गाडी लावायचे किती?" क्लिफ म्हणायचा, "गाडीचे सहा, गाढवाचे चार. गाढव घ्या, स्वस्त पडेल."

गल्ला रोजच्या रोज बँकेत दिसायला हवा, हा स्नेथचा दुसरा हुकूम. पूर्वी विनी महिन्यातून एकदा भरायची. गावातली बँक तर कधीच बंद झालेली. आता पोस्टातून बँकेत पैसे भरायला ब्रायनी रोज सुट्ट्या नाण्यांच्या पिशव्या घेऊन जायला लागली. खिडकीतली मुलगी तिला लांबूनच बघून म्हणायची, "आली बघा गाढवीण," आणि मागची रांग हसायची.

ऑगस्टच्या भर गर्दीत कस्टर्ड लंगडायला लागला. ब्रायनीला गाढवाची काळजी होतीच, आणि पाठोपाठ डॉक्टरांच्या बिलाची. आणि बिलाचा विचार मनात आला याचीही तिला लाज वाटली. तिने अथमानला फोनवर खूर दाखवला.

"जवळ धर. अजून जवळ. हं, आत पू झालाय. कोमट पाणी, मीठ. मग कोंड्याचं पोटीस, वर घट्ट फडकं. दिवसातून दोनदा."

"डॉक्टर नकोत?"

"मी डॉक्टर नाही. बोलाव. पण ते येईपर्यंत हे कर."

क्लिफने डॉक्टरांना बोलावलंच. गाढवाच्या जिवापुढे त्याला कोणाचाच व्हिसा मोठा नव्हता. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आल्या, फडकं सोडून बघितलं, पुन्हा बांधलं. "करताय तेच करत राहा," म्हणाल्या. "कोणी सांगितलं हे?"

"जावयाने."

"कुठे असतो?"

"व्हिसाच्या रांगेत," क्लिफ म्हणाला.

भेटीचे एकशे चाळीस पौंड झाले. ब्रायनीने ते वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली. आईच्या अक्षरानंतर तिचं अक्षर वेडंवाकडं दिसायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गाढवं किनाऱ्यावरून कायमची वर आली, म्हणजे हिवाळ्यापुरती. कस्टर्ड सगळ्यांत मागे, पण चारही पाय नीट टाकत. संध्याकाळी स्नेथने बेरीज केली, पुन्हा केली, आणि बारीक आवाजात म्हणाला, "खर्च जाऊन अठ्ठावीस हजार तीनशे. नाताळात शाळांची आणि चर्चची येशूजन्माची नाटकं आहेत ना?"

"सात ठरलीत," ब्रायनी म्हणाली. "मेरीला पाठीवर घेऊन फिरायचे दोनशे घेतो आम्ही."

"सातवर भागणार नाही. हिवाळ्याचा चारा आहे, नालबंद आहे. बारा-तेरा तरी मिळवा."

"गाढव मिळेल हो," क्लिफ म्हणाला, "एवढ्या मेऱ्या कुठून आणायच्या?"

पण दुसऱ्याच दिवशी खोपट्यात बसल्या बसल्या त्याने आसपासच्या गावांतल्या शाळांना फोन लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत दोन ठरली. तिसऱ्या शाळेला दोन गाढवं हवी होती. त्यांच्याकडे मेऱ्या दोन होत्या, कारण दोघींच्या आया ऐकायला तयार नव्हत्या.

अर्जाची दुसरी फी क्लिफने बाजूला काढून ठेवली आहे. हे पैसे विनीच्या कबरीवरच्या दगडासाठी होते. पाथरवटाला त्याने मेपर्यंत थांबायला सांगितलं. तो बरं म्हणाला, माती बसायला तेवढा वेळ लागतोच म्हणाला.

पाच एप्रिलला वर्ष संपेल. मग हिशेब, मग कर, मग अर्ज. दगड त्यानंतर. यातलं काहीच अजून झालेलं नाही.