टेलला आधी विचारा

"सूचक रखमाजीआप्पा, अनुमोदक सारजाबाई," ग्रामसेवकानं वाचून दाखवलं आणि मारुतीच्या सभामंडपात टाळ्या पडल्या. टाळ्या विरायच्या आत सारजाबाई खांबाला धरून उठल्या.

"मी कवा अनुमोदन दिलं?" त्या म्हणाल्या.

ग्रामसेवक बिचारा नवा. त्यानं सरपंचाकडं बघितलं. सरपंच पप्पू हसला. "काकू, तुमचं नाव न्हाई घालायचं तर कुणाचं? मानाचं नाव हाय."

आपलं काही चुकलंय असं पप्पूला वाटतच नव्हतं. वाडीची ही जुनीच रीत. ठराव आधी लिहून ठेवायचा, शोभतील अशी दोन नावं त्याखाली घालायची, सभेत वाचायचा, हात वर करायचे आणि चहा घ्यायचा. वाडीत ठराव बिनविरोध होतात याचा सगळ्यांना कोण अभिमान. पाण्याची टाकी, शाळेचे पत्रे, स्मशानभूमीचा रस्ता, अशा कितीतरी ठरावांना सारजाबाईंचं नाव त्यांना न विचारताच लागलेलं होतं आणि त्यांनीही कधी तोंड उघडलं नव्हतं.

आजचा ठराव मात्र टाकीचा नव्हता. समुद्रापलीकडच्या एका शेजारी देशात यादवी पेटली होती. आपण तिथं फौज पाठवावी की नाही यावरून टीव्हीवर चार चौकटींतली चार माणसं रोज एकमेकांच्या अंगावर जात होती. निमोण्याच्या बाजारात तेच, शिरूरच्या स्टँडवर तेच, दौंडहून सुटणाऱ्या गाडीतही तेच. मग आपली वाडी तेवढी गप्प का, असं पोरांच्या डोक्यात आलं. सरकारनं सैन्य पाठवावं, सगळी वाडी पाठीशी आहे, असा एकमुखी ठराव करायचा आणि पेपरात छापून आणायचा, असं ठरलं.

ही कल्पना उचलून धरली ती आनंदरावांनी. आनंदराव मूळचे वाडीचेच, दौंडला रेल्वेची कंत्राटं घेऊन मोठे झालेले. वाडीच्या तोंडाशी स्वखर्चानं कमान बांधून देतो आणि तिला म्हाळूचं नाव देतो, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. म्हाळू म्हणजे सारजाबाईंचा नवरा. श्रीलंकेतल्या यादवीत आपली फौज गेली होती तेव्हा तिथं कामी आलेला. फौजेचा ठराव आधी, कमानीचा ठराव त्याच्यामागं, दोन्हींना टाळ्या, असा आजचा बेत होता.

आणि ती कमान सारजाबाईंना हवी होती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. फार हवी होती. नवऱ्याचं नाव एसटीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावं, परक्या माणसानं "हा कोण होता हो?" म्हणून विचारावं, एवढी एकच हौस त्या बाईनं उभ्या आयुष्यात बाळगली होती. आनंदरावांनी कमान जाहीर केली त्या दिवशी कासुर्डीला दिलेल्या लेकीला फोन करून त्या हमसून हमसून रडल्या होत्या.

"वहिनी, खाली बसा," रखमाजीआप्पा म्हणाले. आप्पा म्हाळूच्याच पलटणीतले, त्याच्याबरोबर त्याच बेटावर गेलेले आणि एक पाय कायमचा अधू करून परत आलेले. "मी इनाकारण सूचक झालो न्हाई. तिथं मी डोळ्यानं बघितलंय. गावंच्या गावं जळत व्हती. दोन्ही बाजूची माणसं आपलीच लेकरं मारीत व्हती. कुणीतरी मधी पडाया लागतं. सगळ्यांनीच घरात बसून बघितलं तर त्या लेकरांनी कुणाकडं बघायचं?"

आप्पा उगाच बोलत नसत आणि बोलले ते खोटं नव्हतं.

"तुमचं बरोबर हाय, भावजी," सारजाबाई म्हणाल्या. "मी पाठवू नका म्हणत न्हाई. पाठवा बी म्हणत न्हाई. मला त्यातलं काय कळतंय? पर आपल्यात चारीची पाळी ठरीवताना आधी कुणाला इचारत्यात?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. कालव्यातून रानात येणाऱ्या चारीच्या पाण्याची पाळी ठरवताना आधी टेलच्या माणसाला विचारायचं, म्हणजे जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या रानाच्या मालकाला. त्यानं हो म्हटल्याशिवाय वरच्यानं दार उघडायचं नाही. हा कायदा कुठल्या सरकारनं केला नव्हता, तो सारजाबाईंनीच करायला लावला होता. म्हाळू गेला तेव्हा त्या विशीच्या आसपास, पदरात तान्ही पोर, आणि रान चारीच्या अगदी टेलला. वरची मंडळी पाळी ठरवायची, आपापली रानं भिजवायची आणि हिच्या वाटेला ओली माती यायची. एका उन्हाळ्यात ही बाई लेकरू पाठीला बांधून भर पाळीत चारीत उतरली आणि तोंडाशी आडवी उभी राहिली. शिव्या खाल्ल्या, हलली नाही. अखेर जुन्या पंचांनी मान तुकवली. आज वाडीतला कुणीही टेलवाला ताठ मानेनं पाळी मागतो तो त्या बाईच्या जिवावर.

"पाण्याची गोष्ट येगळी, काकू," पप्पू म्हणाला.

"कशी येगळी? पाणी इचारून सोडायचं आन् माणूस न इचारता?"

"सैनिकाला इचारत नसत्यात वहिनी," आप्पा हळूच म्हणाले. "त्याला हुकूम असतो."

"त्याला हुकूम हाय, मान्य. पर गावाला कुठं हुकूम हाय? गाव आपल्या मर्जीनं हात वर करतंय. तवा बी केला व्हता. ह्यांची फौज निघाली तवा ह्याच मंडपात नारळ फोडला, गुलाल उधळला. मला कुणी इचारलं न्हाई. मग दौंडच्या टेशनात ह्यांची काळी ट्रंक आली, ती उतरून घ्यायला मातूर मलाच बोलावलं. माणूस तिकडंच जाळला. ट्रंकेत दाढीचं सामान, सेटर आन् माझी दोन पत्रं. फोडली बी न्हवती." त्या आप्पांकडून पप्पूकडं वळल्या. "आज ज्यांच्या घरचं माणूस फौजेत हाय, त्यांना आधी इचारा. ते हो म्हणले तर माझं बी अनुमोदन लिव्हा."

पहिल्या रांगेत आनंदराव घड्याळाकडं बघत होते. त्यांच्या कपाळावरची आठी सारजाबाईंना दिसत होती. आपण काय घालवतोय हे त्या बाईला पुरतं कळत होतं.

ज्यांचं माणूस फौजेत आहे अशा घरातलं त्या दिवशी मंडपात एकच माणूस होतं, शितल. तिचा नवरा सीमेवर, आणि तिला सातवा महिना. पप्पूनं तिला विचारलं खरं, पण तो तिच्याकडं न बघताच विचारत होता.

शितल पदर सावरून उठली. "मालक फोनवर म्हणत्यात, हुकूम आला तर आनंदानं जाईन," ती म्हणाली. "मला वाटतं, जाऊ नये. मग मी हात कुणाचा वर करू?"

रखमाजीआप्पांनी आपली काठी उचलली आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "माझं बी नाव काढ. मी सूचक व्हायच्या आधी ह्या पोरीला इचाराया पायजे व्हतं." ठराव बारगळला. कमानीचा विषय कुणी काढलाच नाही आणि आनंदराव चहा न घेता गाडीत बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळच्या वेळी सारजाबाई रानात उसाला पाणी देत दारं धरत होत्या. पप्पूनं गाडी रस्त्यावर लावली आणि बांधावरून चालत त्यांच्यापर्यंत आला. बराच वेळ तो ऊस कसा आहे, खत कुठलं टाकलं, असलंच काही विचारत राहिला.

"कामाचं बोल," सारजाबाई म्हणाल्या.

"काकू, कमान व्हनार हाय. पर आनंदराव आता त्यांच्या वडलांचं नाव द्या म्हणत्यात." पप्पूचा आवाज पडला. "उद्या सभा हाय. ठराव अजून लिव्हला न्हाई. म्हणलं, तुमाला आधी इचारावं. तुम्ही नगं म्हणला तर मी कमानच नगं म्हणून सांगतो."

सारजाबाईंनी खोऱ्यानं एका सरीचं दार बुजवून पुढच्या सरीचं उघडलं. या पोराला त्यांनी अंगणात रांगताना पाहिलेलं. आज तो सरपंच होऊन चिखल तुडवत, मान खाली घालून विचारायला आला होता. उभ्या जन्मात नवऱ्याच्या बाबतीत त्यांना कुणी काही विचारलं असेल, तर ते हे पहिल्यांदा.

"वाडीला कमान पायजे," त्या अखेर म्हणाल्या. "त्यांचा बाप बी भला माणूस व्हता. होऊ दे."

"मग अनुमोदक कुणाला घालू?"

"मला घाल." आणि पप्पू वळणार तोच त्या म्हणाल्या, "पर नाव पुरं लिव्ह. निस्तं सारजाबाई न्हाई. मधलं नाव धरून पुरं."

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. पप्पूला उमगायला जरा वेळ लागला. मग तो नुसताच मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. ठराव वाचून झाल्यावर ग्रामसेवकानं कागद जरा डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश वाचलं, "अनुमोदक, सारजाबाई म्हाळू कोळपे."

मागच्या खांबाशी बसलेले रखमाजीआप्पा काठीचा आधार न घेता उठून उभे राहिले. त्यांच्यामागं पप्पू उठला, शितल उठली, मग हळूहळू सगळा मंडप उभा राहिला. सारजाबाई तेवढ्या बसून राहिल्या.