वाटीभर फेस

नाकोबाला करोना झाला तो नाकोबाच्या नाकामुळे. हे त्याचं स्वतःचंच म्हणणं. दुसरं कुणी म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकावं, म्हणजे हसणाऱ्यांच्या रांगेत निदान पहिला नंबर तरी लागतो, असा त्याचा हिशेब.

गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पिशवीत पान्हे, पक्कड, जेट साफ करायची बारीक तार आणि रबरी नळीचं वेटोळं. पण खरं हत्यार पिशवीत नव्हतं, तोंडावर होतं. दारातून पाऊल आत टाकलं की तो थांबे, डोळे मिटे, मान जराशी तिरकी करी. घरातली माणसं बोलता बोलता गप्प होत. मग गुडघे टेकून तो ओट्याखाली शिरे आणि सिलिंडरच्या बुडाशी नाक नेई, कारण हा गॅस जड, वर उडत नाही, जमिनीलगत सरपटतो. दोनदा हुंगायचा अवकाश. "नळी चांगली आहे. कॉकच्या मुळाशी गळतंय." पान्हा नंतर फिरे, निकाल आधी लागे. म्हणूनच लोक त्याला नाकोबा म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

साबणाच्या पाण्याचा फेस जोडांवर लावायचा, बुडबुडा फुगला की तिथं गळती, ही चारचौघांची रीत. पलीकडच्या रस्त्यावरचा कारागीर तसंच करी. नाकोबानं त्याचं नाव फेसवाला ठेवलं होतं. "ज्याला देवानं नाक दिलं नाही, त्यानं फेस काढावा," असं तो येता-जाता म्हणे, आणि फेसवाला बिचारा हसून सोडून देई.

या नाकाला चढवून ठेवलं होतं ते ताईनं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई कामावर जाई, तेव्हा ताईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. एकदा दुपारी ती दमून झोपली होती आणि कोपऱ्यातली गोधडी ठिणगी लागून आतल्या आत धुमसत होती. धूर दिसायच्या आधी या पोराला वास आला आणि त्यानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून ताई त्याला थोपटताना एक ओवी म्हणू लागली, तिची स्वतःची:

*घराला कडी कशाला, कुलूप कशाला,*
*भावाचं नाक माझ्या जागं उशाला.*

अशी ओवी ऐकत वाढलेलं नाक जमिनीवर राहील कसं?

आजार आला. लोकांनी नाक-तोंड झाकलं. नाकोबानं तोंड झाकलं.

"अहो, मास्क वर घ्या की," गिऱ्हाइकं सांगत.

"काकू, सोनाराला कुणी डोळे बांधून सोनं पारखायला सांगतं का?" नाकोबा उलट विचारी.

पुढचं दार बंद, वर कडी, वर कुलूप, आणि बाजूची खिडकी सताड उघडी. आजार तरी वेडा नव्हता. त्याला खिडकी दिसली.

ताप चढला, हाडांत कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसल्यासारखं झालं. तपासणीला गेला तर तिथल्या मुलीनं हातातली लांब काडी नाकपुडीत घातली. "सावकाश हो," नाकोबा कळवळून म्हणाला, "हत्यार आहे ते."

"काका," ती म्हणाली, "तुमच्या मास्कनं तुमच्या तोंडाचं रक्षण फार छान केलंय."

बायकोनं त्याला आतल्या खोलीत घातलं. दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ताट. ती ताट ठेवी, दार ठोके आणि मागं सरे. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा तो ओरडून सांगे आणि तो आकडा खाली गेला की दाराबाहेर भांड्यांचा आवाज एकदम बंद पडे. दोन-तीन दिवस तर पालथं झोपून छातीतला श्वास मोजण्यापलीकडे त्याला काही सुचलं नाही. फुकट मिळायची ती वस्तू आता एकेक घोट मागून घ्यावी लागत होती. "देवा, एवढं सोडव," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "नाक वर करून चालणार नाही." देवानं पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्यावर त्याचा विश्वास नसावा, म्हणून त्यानं स्वतःच बंदोबस्त केला.

ताप उतरल्यावर एक दिवस ताट आलं. नाकोबा दाराआडून म्हणाला, "अगं, आज लसूण नाही घातलास?"

बायकोनं बाहेरून ऐकवलं, "अख्खा गड्डा घातलाय. शेजारचे विचारून गेले, काय शिजतंय म्हणून."

"हां हां, आला, आला," नाकोबा घाईनं म्हणाला. "काय वास सुटलाय! वा!"

आणि तो पलंगावर मटकन बसला. लसणाची पाकळी नाकाशी धरली. काही नाही. कांदा चिरून मागितला, कारण डोळे धुवायचेत म्हणाला. डोळे धुतले गेले, नाक कोरडंच. स्पिरिटची बाटली, अंगाचा साबण, जंतुनाशकाचा डबा, सगळ्यांपुढं नाक फिरवून झालं. शेवटी दार उघडायची मुभा मिळाली त्या सकाळी बायकोनं पाहिलं, तर नवरा स्वतःचा जुना बूट तोंडापाशी धरून डोळे मिटून उभा.

"काय करताय?"

"जोडी जुळते का बघतोय."

"एकाच बुटाची?"

ती वळून कामाला लागली. नाकोबाला वाटलं, थाप पचली. नवऱ्यांना असं वाटत असतं.

सांगायचं कुणाला? आणि कसं? डॉक्टर म्हणाले होते, येतो वास परत, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा, कुणाचा अर्धामुर्धा. पण गल्लीत ही बातमी फुटली तर राहिलं काय? नाक वजा केलेला नाकोबा म्हणजे हातात पान्हा धरलेला कुणीही एक माणूस. त्यानं ठरवलं, चार दिवस नाटक करायचं. तोवर येईल.

आणि ताईचा फोन आला.

"अरे, बरा झालास ना? मला शेगडीपाशी मधूनच वास येतो. येऊन जा बाबा. दुसऱ्या कुणाला नाही बोलावलं. म्हटलं, घरचं नाक असताना बाहेर कशाला शोधायचं?"

नाकोबा पिशवी घेऊन निघाला. उंबऱ्यात बायकोनं विचारलं, "साबण देऊ का बरोबर?"

"साबण? आंघोळीला चाललोय का मी?"

"बरं," ती म्हणाली. पिशवीचा बंद नीट करायला म्हणून तिनं ती एकदा हातात घेतली आणि परत दिली.

ताई दोन रस्ते सोडून, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. जिना चढताना नाकोबाला धाप लागली. दारात तो नेहमीसारखा थांबला, डोळे मिटले, मान तिरकी केली. "घर कसं लख्ख ठेवलंयस, ताई," तो म्हणाला. ताईनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि बाजूला झाली.

तो ओट्याखाली शिरला. सिलिंडरच्या बुडाशी नाक नेलं. दोनदा हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगलं, जे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. कोऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं. वास नाही म्हणजे गळती नाही का? की वास नाही म्हणजे नाक नाही? ओट्याखालच्या अंधारात त्याला दोन्ही उत्तरं दिसत होती, आणि बाहेर ताईची पावलं दिसत होती, वाट बघत उभी असलेली.

"काही नाही," तो बाहेर येत म्हणाला. "भास आहे तुझा."

"होय? मग माझंच नाक म्हातारं झालं असेल," ताई म्हणाली. "तू म्हणालास, म्हणजे झालं. बस, चहा ठेवते."

चहा म्हणजे पुन्हा वा-वा करणं आलं. "नको गं, दम लागतो अजून. घरी जाऊन पडतो," म्हणत त्यानं पिशवी उचलली आणि सटकला.

रस्त्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी बंद पडली होती. माणसं नाकाला पदर, रुमाल, मिळेल ते लावून पलीकडून पळत होती. नाकोबा सरळ गाडीला घासून चालला. एक बाई रुमालाआडून म्हणाली, "भाऊ, धन्य आहे तुमची!"

"सवय असते," नाकोबा ऐटीत म्हणाला. एक पाऊल पुढं टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं काही त्याला टाकता येईना.

एवढी मोठी गाडी, भर उन्हात, हाताच्या अंतरावर, आणि आपल्याला पत्ता नाही. मग ओट्याखालचा तो चोरपावलांचा वास आपल्याला काय सांगणार होता? आणि ताई आता चहा ठेवील. ती एकटीसुद्धा चहा ठेवतेच. ती काडी ओढेल, कारण तिच्या भावानं सांगितलंय.

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. ताई फोन आतल्या कपाटात, टॉवेलात गुंडाळून ठेवायची, खराब होऊ नये म्हणून.

नाकोबा पळाला. म्हणजे त्याच्या मनानं तो पळाला. पायांचं मत वेगळं होतं. आजारानं छातीचा भाता फाडून ठेवलेला. चार ढांगा आणि एक थांबा, चार ढांगा आणि एक थांबा. काठी टेकत चाललेले एक आजोबा त्याला मागं टाकून पुढं गेले आणि वळून म्हणाले, "सावकाश, बाळ." जिन्यात तो चक्क हातांवर आला. मधल्या वळणावरून त्यानं सगळा जीव गोळा करून हाक मारली, "ताई, काडी ओढू नकोस!" पण घशातून निघालं ते नुसतं फस्स. गळकी नळी शोधायला आलेला माणूस स्वतःच गळत होता.

वर पोहोचला तर दार उघडं. खिडक्या सगळ्या उघड्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. आणि ताई उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली, वर्तमानपत्रानं वारा घेत.

"आलास?" ती म्हणाली. "बस आधी. श्वास घे."

"चहा... ठेवलास?"

"कशाला ठेवीन? ते तुझ्यासमोर नुसतं म्हणाले. तू आलास त्याच्या आधी दूध उतू जाऊन करपलं होतं. खालच्या मजल्यापर्यंत वास गेलेला. आणि तू दारात उभा राहून म्हणतोस, घर कसं लख्ख ठेवलंयस!"

नाकोबाचे कान तापले. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं." ताईनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तिसऱ्यांदा हुंगलास ना, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, जाऊ दे त्याला घरी. उद्या गुपचूप त्या फेसवाल्याला बोलावीन. तुला कळलंही नसतं."

फेसवाल्याला! आणि तेही त्याचं मन मोडू नये म्हणून. नाकोबाला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"गेलंय गं ताई," तो म्हणाला. "काही येत नाही. फूल नाही, गटार नाही, काही नाही. आणि तरी तुला भास म्हणालो. तू काडी ओढली असतीस तर..."

"नाही ना ओढली."

"ओढली असतीस तर?"

ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि धाप खाली बसेपर्यंत तो हात तिथंच राहिला.

मग तो उठला. "साबण आहे का?" त्यानं विचारलं, आणि पान्हा काढायला पिशवीत हात घातला तर हाताला लागलं काहीतरी मऊ. त्याचाच रुमाल, घडी घातलेला. आत साबणाचा तुकडा.

त्यानं वाटीत पाणी घेतलं. आयुष्यात ज्याची टिंगल केली तो फेस आयुष्यात पहिल्यांदा काढायला बसला, आणि काढता येईना. कधी पाणी फार, कधी साबण फार. "अरे, भांडी घासलीस का कधी?" म्हणत ताईनं वाटी ओढून घेतली आणि बोटांनी चुटकीसरशी पांढराशुभ्र फेस उभा केला. रेग्युलेटर उघडला. नाकोबा बोटानं फेस लावत निघाला: कॉकपाशी, शेगडीच्या तोंडाशी, नळीच्या अंगावर. काही नाही. काही नाही. मग रेग्युलेटरच्या खाली, क्लिप जिथं नळीला चावते तिथं, फेसातून एक बुडबुडा वर आला. हरभऱ्याएवढा. बोराएवढा. खिडकीतला सगळा उजेड त्यानं पोटात घेतला, निळा, गुलाबी, आणि गर्रकन फिरून फुटला. त्याच जागी दुसरा फुगू लागला.

"बघ," नाकोबा हळूच म्हणाला. "काय सुंदर आहे गं."

"पुढं काहीतरी कर. सुंदर म्हणे!"

त्यानं रेग्युलेटर बंद केला, नळी काढली, नवी घातली, क्लिप आवळली. पुन्हा फेस लावला. फेस निपचित पडून राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको होती.

"साबण सापडला?" तिनं एवढंच विचारलं.

"सापडला," नाकोबा म्हणाला. "तो बूट... जोडी जुळते म्हणालो ना..."

"माहीत आहे. या सावकाश."

ताईनं काडी ओढली. निळी ज्योत गोल उमलली. आधण ठेवता ठेवता ती गुणगुणू लागली, तीच जुनी चाल.

"ते गाणं बदल आता," नाकोबा जमिनीवरूनच म्हणाला.

"बदललंय, ऐक," ताई म्हणाली.

*घराला कडी कशाला, कुलूप कशाला,*
*भावाचा साबण माझ्या ठेवीन उशाला.*

दोघंही हसली. नाकोबाला हसतानाही दम लागला. ताईनं कप त्याच्या हातात दिला आणि समोर बसली. वाफ त्याच्या तोंडावर आली, नुसती ओली, बिनवासाची. त्यानं घोट घेतला. सवयीनं 'वा' ओठापर्यंत आला होता.

"कसा झालाय?" ताईनं विचारलं.

नाकोबानं तो 'वा' गिळला.

"गरम आहे," तो म्हणाला. "मला एवढंच कळतंय."

"पुष्कळ आहे," ताई म्हणाली, आणि तिनं स्वतःचा कप उचलला.