विचारणं थांबेपर्यंत

"रुखमी आली का वं?" पुंजाजीने विचारले.

धुरपताबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. पोरगी देवीच्या साथीत गेली, त्याला चार पावसाळे झाले होते. आणि हा बापच विचारत होता, आली का!

"अवो, असं काय करता? रुखमी नाई आता. तुमीच तर मूठमाती देली तिले."

पुंजाजी छाती पिटून रडला, जणू निरोप आत्ताच आला होता. रडून थकला, डोळे पुसले, मान कलती केली आणि त्याच आवाजात म्हणाला, "रुखमी आली का वं?"

आदल्या दिवशी जऊळक्याच्या स्टेशनवर कापूस टाकून परतताना बैलबंडी उलटली होती. डोके चाकाच्या लोखंडी धावेवर आपटले. जखम एवढीशी, हळद दाबली आणि रक्त थांबले. मग हे काय? धाकटा भाऊ जगदेव दारातून आत येईना. "वहिनी, हा दादा नोहे. रस्त्यात कोनं तरी धरलं याले. मी भगताले आनतो. दोन झापडा देल्ल्या का सोडते."

बाईलाही भीती वाटली, खोटे कशाला सांगा. पण तिने बैल जुंपले आणि नवऱ्याला मेडशीच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. त्याने जखम पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, मग विचारले, "बाई, घरी काय काय झालं ते सांगा. मला हा घडीभर दिसतो, तुम्हाला दिवसभर."

तिने सगळे सांगितले. दोनदा ओकला, उजेड सोसत नाही, बंडी उलटल्याचे आठवत नाही. आणि ते रुखमीबद्दल सारखे विचारणे.

"मेंदूला हादरा बसलाय. बाहेरचं काही नाही. अंधाऱ्या खोलीत निजू द्या, काम नको. ओकाऱ्या वाढल्या, किंवा हाक मारून उठला नाही, तर तसेच इकडे घेऊन या. आणि परत डोक्याला मार लागला तर माणूस हातचा जाईल. भगताची झापडसुद्धा नको."

"अन् इचारते तवा खरं सांगू का?"

"ते माझ्या पुस्तकात नाही, बाई. विचारणं थांबलं की समजा, बरा झाला."

घरी येताच त्याने पुन्हा विचारले. धुरपताबाई म्हणाली, "पान्याले गेली."

"उनाचं कायले धाडलं वं लेकराले?" म्हणत तो सुखाने निजला. आता कुणी म्हणेल, बाई खोटं बोलली. बोलली तर बोलली! रोज नव्याने लेक मारायची का त्याची?

त्याने विचारायचे, तिने सांगायचे. आता शेजारी गेली, आता गोठ्यात हाय. हळूहळू सांगताना तिचा स्वर सहज होऊ लागला. एक भाकर जास्तीची थापली जाऊ लागली. कधी कधी त्याने विचारायच्या आधीच ती दाराकडे पाही.

जगदेव भगताला घेऊन आला, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "त्याईच्या डोक्याले हात लावून पाहा, मंग सांगतो! अन् हळू बोला भाऊजी, रुखमी निजली हाय."

जगदेवने आत पाहिले, मग वहिनीच्या तोंडाकडे. भगतच आधी मागे सरला. दोघे परत आले नाहीत.

एका सकाळी पुंजाजी आपणहून अंगणात उन्हात येऊन बसला. बंडीचे काय झाले, विचारू लागला. डॉक्टर पाहायला आला. बैलांची नावे विचारली, महिना विचारला. सगळे बरोबर.

"मुलं किती?"

"एक पोरगी होती," पुंजाजी म्हणाला. "देवीत गेली."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "बाई, तुम्ही वाचवलंत याला. बरा झाला बघा!"

"हो जी," ती म्हणाली.

डॉक्टरची सायकल दिसेनाशी झाली तरी ती खांबाला धरून उभीच होती. मग नवऱ्यापाशी येऊन बसली.

"अवो, आज तुमी काई इचारलं नाई."

"काय इचारू?"

"इचारा ना. एकडाव."

पुंजाजी तिच्याकडे पाहतच राहिला. "काय इचारू वं?"