चावी नसलेलं घड्याळ

आमचे हे शिंपी. बादलीपलीकडे कधी पाण्यात न उतरलेला माणूस, आणि घड्याळ घेतलं ते पाणबुड्यांचं. दोनशे मीटर खोल चालतं म्हणे. त्याच दिवशी, त्याच दुकानातून धाकट्या दिरांनी घेतलं खेळाडूंचं. दोन्ही स्वस्तातली, दोन्ही सेलशिवाय चालणारी. मनगट हललं की आतलं चाक फिरतं आणि घड्याळ भरतं. हात थांबला की दीड दिवसात तेही थांबतं.

त्यावरून चार वर्षं भावाभावांची जुंपलेली.

"दादा, तुझं ते धोंड आहे," भावजी म्हणायचे. "माझं हलकं, वार दाखवतं, पाठीला काच आहे. आतलं सगळं दिसतं."

"माझ्याला चावी तरी देता येते," हे म्हणायचे. "तुझ्याला नुसतं काटे फिरवायचं बटण. हात थांबला की गेलंच ते."

"हात कशाला थांबतोय?"

थांबला. एका सकाळी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात मांडीवर पडून राहिला. लोकांना वाटतं शिंप्याचा सगळा भार उजव्या हातावर. सुईखाली कापड वळवतो तो डावा.

तरी घड्याळ त्याच मनगटावर हवं. "हे चालायला लागलं की समजायचं, हात चालायला लागला," म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते बंद पडलेलं बघितलं आणि जेवलेच नाहीत. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी हळूच, पाणी शिरू नये म्हणून चावीला असतो तो आटा सोडवला, तीस वेळा फिरवली आणि परत बसवली. उठून त्यांनी मनगट बघितलं आणि आजारपणात पहिल्यांदा हसले. त्या हसण्यासाठी मी दीड महिना रोज चोरी केली. मला त्याची लाज वाटली नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, या हाताची आशा धरू नका. मी तोंडाला कुलूप लावलं. इकडे यांनी मशीनला तेल घालायला सांगितलं, गिऱ्हाइकांना एक तारखेचा वायदा केला. तेव्हा मात्र मी घाबरले.

परवा भावजी आले. हे म्हणाले, "तुझं घड्याळ दे रे चार दिवस. माझं तू घाल."

भावजी खूश. चार वर्षांचा वाद जिंकल्यासारखं त्यांनी आपलं घड्याळ यांच्या डाव्या मनगटावर बांधलं.

काल दिवसभर ते भावजींच्या हातानं भरलेल्यावर चाललं. आज दुपारी थांबलं. हे झोपले होते. मी बटण ओढलं, फिरवलं. नुसते काटे फिरले. मग त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलवायला लागले. हात उबदार होता, आणि फार जड. सेकंदाचा काटा निघाला.

"राहू दे," हे डोळे न उघडता म्हणाले. "खांदा दुखतो."

मी हात खाली ठेवला. "कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात चावी सोडवून बघितली. चावीचा आटा तू फार आवळतेस. मी एवढा कधी आवळत नाही." मग म्हणाले, "म्हणून धाकट्याचं घातलं. म्हटलं, तुला चावी देता येणार नाही ते घालून बघू."

मला रडू फुटलं. यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"एवढे दिवस सगळं तूच चालवलंस? माझ्या हातानं थोडंसुद्धा नाही?"

दीड महिना मी खोटं वागले होते. आणखी एक खोटं काही जड नव्हतं.

"नाही. थोडंसुद्धा नाही," मी खरं तेच म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग मशीन कापडानं झाकून ठेवायला सांगितलं.