पुष्करनचं ठोकायचं हाड

मित्रांनो, मी एक जुनं हाड आहे. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. मी एका रेड्याच्या मागच्या तंगडीतला. तो बिचारा जन्मभर केरळातल्या कुट्टनाडच्या चिखलात नांगर ओढून झिजला आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी बाजारात कापला गेला. कुऱ्हाडीचा एक घाव बसला आणि मी त्याच्यापासून सुटा झालो. माझी सुरुवातच रक्तात झाली, तेव्हा आत्ताच सांगून टाकतो, माझी गोष्ट मऊ नाही. कुणाला मऊ गोष्ट हवी असेल तर त्याने उशीचं आत्मवृत्त वाचावं.

माडी काढणाऱ्या पुष्करनच्या बापाने मला बाजारातून उचललं. त्याने मला उकळलं, राखेने घासलं, आतला मगज काढला आणि पोकळीत वितळलेलं शिसं ओतलं. फार भाजलं हो! पण त्याने मला वजन आलं. मग त्याने मला पुष्करनच्या हातात दिलं आणि सांगितलं, "हे घे. माडाची पोय उमलायच्या आधी याने ठोकायची. जोरात मारशील तर आतली कळी चेचेल आणि पोय कुजून जाईल. अगदी हळू मारशील तर रस उतरणार नाही. तिला जाग यावी, पण लागू नये, असं मार."

असं माझं काम होतं, मित्रांनो, माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यावर, म्हणजे पोयीवर, सकाळ-संध्याकाळ मारण्याचं. पण असं मारण्याचं, की मारातून गोड माडी पाझरावी. पुष्करनचा हात या कामात असा बसला होता की खालून पडाव हाकणारे नावाडी नुसत्या आवाजावरून ओळखायचे, "पुष्करन चढलाय वर." त्याच्या माडांची माडी गुत्त्यात सगळ्यात आधी संपायची. त्या दिवसांत मला फार मान होता. सरसम्मा, म्हणजे त्याची बायको, मला कधी जमिनीवर ठेवू द्यायची नाही.

आता त्या पायऱ्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. आमच्याकडे माडाच्या बुंध्याला नारळाची सोडणं, म्हणजे सुकी सालं, काथ्याने आवळून बांधतात. त्यांवर पाय ठेवत वर जायचं. उन्हापावसाने ती सडतात, म्हणून पावसाळ्याआधी सगळी बदलावी लागतात. आणि जो तो आपल्या गाठींवरच चढतो. दुसऱ्याच्या गाठीवर पाय ठेवायचा तर तो दुसरा सख्खा भाऊच लागतो. त्या वर्षी पुष्करनला ताप होता, म्हणून त्याच्या माडांच्या पायऱ्या धाकट्या भावाने, तिलकनने बांधल्या. कालव्याकाठच्या उंच माडाची अगदी वरची पायरी तेवढी राहिली. तिलकन बांधायला निघाला तर पुष्करन खाटेवरून म्हणाला, "ती राहू दे. वरची मी माझ्या हाताने बांधतो." ताप उतरला आणि तो विसरला. मी तेव्हा त्याच्या उशाशीच होतो. हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

एका सकाळी ती सडकी पायरी त्याच्या पायाखाली तुटली. मी त्याच्या कमरेच्या पट्ट्यात होतो. झावळ्या, आभाळ, पाणी, सगळं गरकन फिरलं आणि आम्ही बांधाच्या दगडांवर आदळलो. मित्रांनो, मी स्वतः हाड आहे. हाड मोडल्याचा आवाज मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्याची कंबर आणि मांडी, दोन्ही एकदमच मोडली. तो ओरडलादेखील नाही. नुसता तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघत राहिला.

मोठ्या इस्पितळात त्याचं मोठं ऑपरेशन झालं. कमरेत सळ्या घातल्या, मांडीत खिळे ठोकले. घरी आणलं तेव्हा ओळखू येईना. सरसम्माने मला त्याच्या डोक्याशी भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. तिला वाटलं, मला बघून त्याला उमेद येईल. भोळी बाई!

कारण संकटं काय एकेकटी येतात? जखमेत पू झाला आणि शिवलेलं सगळं पुन्हा उसवून धुवावं लागलं. ते जरा भरतंय न भरतंय तोच ऐन पावसाळ्यात, कर्किडकम महिन्यात, बंधारा फुटला आणि पाणी गर्जत घरात शिरलं. लोकांनी पुष्करनला दारासकट उचललं, म्हणजे खरोखरच दार बिजागरीवरून काढून त्यावर निजवलं, आणि होडीतून शाळेत नेलं. प्रत्येक हेलकाव्याला तो शिव्या देत होता, देवाला, होडीला, नावाड्याच्या आईला. त्याची बदकं त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आणि त्या शाळेतच, ओल्या फरशीवर, त्याची म्हातारी आई दम लागून गेली.

पाणी ओसरल्यावर अम्माला घराच्या दक्षिणेला अग्नी दिला. थोरला मुलगा पुष्करन, पण त्याला उभं कुठे राहता येत होतं? खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती तिलकन फिरला. पुष्करन खिडकीतून बघत होता. लाकडं तडतडली तशी त्याने मला खुंटीवरून ओढलं आणि खाटेच्या पायावर हाणलं. त्यानंतर त्याचा हात थांबलाच नाही.

भिंतीचे पोपडे काढले त्याने माझ्याकडून. पितळी तांब्या चेपला, पेजेची थाळी उडवली. एकदा दाराशी आलेल्या कुत्र्यावर मला भिरकावलं, ते बिचारं अजून लंगडतं. आणि एक दिवस सरसम्मा जखमेची पट्टी बदलत असताना दुखलं, म्हणून तिच्या मनगटावर मारलं. बांगड्यांचे तुकडे मांसात रुतले. ती मागे सरली नाही.

"मारा," ती म्हणाली. "मारा ना! पण ध्यानात ठेवा, याच हातांनी तुमची घाण काढते मी. हे मोडले तर बसा तसेच लोळत."

तो तोंड फिरवून रडला. दुसऱ्या दिवशी त्याच सुजलेल्या हातांनी तिने त्याला उठवून बसवलं.

या सगळ्या रागाला त्याने एक नाव दिलं होतं. तिलकन. कारण खिडकीतून कालव्याकाठचे माड दिसायचे, आणि त्याच्या त्या माडांवर रोज सकाळ-संध्याकाळ तिलकन चढायचा. वरची पायरी आपण बांधायची होती, हे पुष्करनला सुरुवातीला आठवत होतं, माझी खात्री आहे. पण दुखणं वाढलं, तसं त्याने ते मनातून खरवडून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "भावाने गाठ ढिली मारली. माझे माड हवे होते त्याला." लोकही काय, माना डोलवायचे. मी खुंटीला लटकून ऐकत होतो. माझ्या आत शिसं भरलंय, मित्रांनो, जीभ नाही.

पण एक गोष्ट खरी. त्या रागानेच तो हालचाल करायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करताना भले भले कण्हतात. हा दात-ओठ खायचा आणि म्हणायचा, "उभा राहतो आणि बघतो तुझ्याकडे, तिलका." पाय उचलताना घामाने चादर भिजायची, तरी एक दिवस चुकवला नाही. ओणम जवळ आला तेव्हा तो चालण्यासाठी दिलेली लोखंडी चौकट धरून ओसरीपर्यंत यायला लागला. सरसम्माला आनंद झाला. मला मात्र धडकी भरली, कारण चौकटीबरोबर त्याने मलाही कमरेला खोचलं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तिलकन केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन आला. भाऊ उभा दिसला तसा त्याचा चेहरा फुलला. थोरल्या भावाला तो चेट्टा म्हणायचा.

"अरे वा, चेट्टा! उभा राहिलास की!"

"राहिलो. जवळ ये. कसे आहेत माझे माड?"

"छान आहेत. तुझेच आहेत."

"माझेच, होय? अम्माला आग तू लावलीस, माझ्या माडांवर तू चढतोस, आणि माझे? ती गाठ मारताना हसत होतास का रे, तिलका?"

तिलकन केळी खाली ठेवायला वाकला, आणि पुष्करनने चौकट सोडून मला दोन्ही हातांनी उगारलं.

इतक्या वर्षांत पोयीवर त्याने असा घाव कधीच घातला नव्हता. मी तिलकनच्या डाव्या भुवईवर बसलो. कातडी फाटली, खालचं हाड मला लागलं, हाडाला हाड! मी उभा तडकलो. रक्त केळ्यांवर, ओसरीवर, माझ्यावर उडालं. आधार सुटल्यामुळे पुष्करनही धाडकन कोसळला आणि कमरेतल्या सळीच्या कळेने गुरासारखा हंबरला.

सरसम्मा धावत आली. "अहो, काय केलंत हे! कुणाचं डोकं फोडलंत? गुत्त्यात रोज कुणाच्या नावावर माडी ओततो तो, ठाऊक आहे? तुमच्या! आपले माड आटपून मग तुमच्या माडांवर चढतो, तुमचे माड दुसऱ्याला जाऊ नयेत म्हणून. तुमच्या पोटातली पेज त्याच्या घामाची आहे, अहो!"

तिलकनच्या डोळ्यांत भुवईचं रक्त ओघळलं होतं, काही दिसत नव्हतं. तरी त्याने चाचपत आधी भावाला काखेत धरून उचललं आणि खाटेवर नेऊन निजवलं. मग मला जमिनीवरून उचलून आपल्या लुंगीला पुसलं.

"हे मी नेतो," तो म्हणाला. "हवं असेल तर चालत ये न्यायला."

त्यानंतर मी तिलकनच्या घरी राहिलो, कालव्याच्या पलीकडे, खिडकीच्या फळीवर. तिलकनला टाके पडले. खरं नुकसान टाक्यांचं नव्हतं. वर बघितलं की त्याला घेरी यायची, आणि डाव्या डोळ्यापुढे कायमचं धुकं आलं. चढणं बंदच झालं. पोयीला रोज कापायला आणि ठोकायला माणूस लागतो, नाही तर तिचं तोंड सुकतं. दोघा भावांच्या सगळ्या पोया सुकल्या, काळ्या पडल्या. माडीसाठी माड वाटून देणाऱ्या गुत्तेदाराने ते सगळे माड एका तिसऱ्याच माणसाला दिले. मित्रांनो, एवढं सगळं एका घावाने झालं आणि तो घाव मी होतो.

फळीवरून मला पलीकडचा बांध दिसायचा. पुष्करन काठ्या घेऊन चालायला शिकत होता. आता शिव्या ऐकू येत नव्हत्या. पडायचा, सरसम्मा उठवायची, पुन्हा चालायचा. काही दिवस तर नुसता बांधावर बसून राहायचा, चिखलात पाय सोडून, उठायचं नावच नाही. तेव्हा सरसम्मा त्याच्याशेजारी बसून राहायची. तिने त्याला एकदाही ओढलं नाही.

पुढे तुलाम महिन्यात, पाऊस सरता सरता, एका दुपारी तो पुलाशी आला. पूल म्हणजे काय, कालव्यावर आडवा टाकलेला एक माड आणि धरायला एक बांबू. काठ्या टेकत त्यावरून जाणं शक्यच नव्हतं. त्याने काठ्या अलीकडे टाकल्या, त्या माडावर दोन्हीकडे पाय सोडून बसला, आणि हातांनी बुंधा कवटाळत, इंच इंच अंग ओढत पलीकडे आला. मांड्या सोलून निघाल्या. तिलकन अंगणात काथ्या वळत बसला होता. त्याने सगळं बघितलं, पण तो उठला नाही.

"हाड न्यायला आलास?"

"नाही." पुष्करन धापा टाकत मातीतच बसला. "वरची पायरी मी बांधायची होती. मीच म्हटलं होतं तुला, राहू दे म्हणून."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"तू पडल्यावर त्या माडावर पहिल्यांदा मीच चढलो ना. वर तुझी गेल्या वर्षीची गाठ लोंबत होती, डावखुरी. आपल्या गावात डावखुरी गाठ दुसरं कोण मारतं? कापून कालव्यात टाकली. लोकांनी बघायला नको म्हणून."

पुष्करनचा चेहरा कसनुसा झाला. "मग बोलला का नाहीस, गाढवा? मी सगळ्या गावात तुझं नाव खराब केलं. डोकं फोडलं तुझं! तेव्हा तरी बोलायचंस!"

तिलकनने काथ्या खाली ठेवला.

"काय बोलणार, चेट्टा? तुझे पाय गेले होते. घर पाण्यात गेलं, अम्मा गेली. तुला रोज खाटेवरून उठवत होता तो माझ्यावरचा राग. तेवढाच एक उरला होता तुझ्याकडे. तोही काढून घेऊ?"

पुष्करनने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड बडवायला सुरुवात केली. तिलकनने त्याची मनगटं पकडली आणि धरून ठेवली, तो थकेपर्यंत.

मित्रांनो, आता दोघंही चढत नाहीत. दोघं मिळून काथ्या वळतात, एक जण पायांनी अधू आणि दुसरा डोळ्याने. मी त्या फळीवरच आहे, तडकलेला, बिनकामाचा. तुमच्या घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठत असेल तर तो माणूस तुमच्यावर ओरडेल, नको ते आरोप करेल. त्याचा पाय दुखतोय, पण तो दिसेल त्याला चावतोय, एवढं समजून घ्या. सगळं खरं त्याला त्याच दिवशी ऐकवायला हवं असं नाही. तिलकन गप्प राहिला, ते मला आजही बरोबर वाटतं. पण त्याने मला आधी खुंटीवरून काढून न्यायला हवं होतं. तेवढं तुम्ही विसरू नका. दुखणाइताचा राग सोसा, पण त्याच्या हाताशी माझ्यासारखं काही राहू देऊ नका.